ओसरलेल्या किनाऱ्यावरचा खून

रंग उडालेले हॉटेल, गंजलेला धक्का, हंगाम संपला तरी मुक्काम न हलवणारी एखादी विधवा. इंग्रजी रहस्यकादंबरीत हे समुद्रकाठचे गाव पुन्हा पुन्हा भेटते आणि दर वेळी तिथे प्रेत सापडले की बरे वाटते! किनाऱ्यावरचे गाव आणि खून, या जोडीमागे बराच इतिहास आहे.

सुरुवात झाली ती औषधापासून. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये ग्रंथ लिहून समुद्राच्या पाण्याचे गुण गायले. त्यात नुसते डुंबायचे नव्हते, ते प्यायचेही होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ब्रायटन नावारूपाला आले, पाठोपाठ राजपुत्र आला, मग बडी मंडळी. १८४१ मध्ये लंडनहून थेट रेल्वे पोचली, १८७१ च्या कायद्याने बँका बंद ठेवण्याचे, म्हणजे सुटीचे, दिवस ठरले आणि कारकून-कामगारांचे लोंढे किनाऱ्याकडे वळले.

त्यांच्यासाठी घरोघरी खोल्या निघाल्या. रहस्यकथेला हवे असते ते इथे आयते मिळाले: एकाच टेबलावर न्याहारी करणारे, पण एकमेकांना अजिबात न ओळखणारे लोक. हॉटेलच्या वहीत नाव खरे की खोटे, कोण तपासणार? १९३४ च्या जूनमध्ये ब्रायटन स्टेशनच्या सामानघरात बेवारस ट्रंक उघडली, तर आत एका स्त्रीचे धड. ती कोण होती, हे शेवटपर्यंत कळले नाही. अशा गावात लेखकाला फारसे रचावे लागत नाही.

अ‍ॅगाथा ख्रिस्तींचा जन्मच किनाऱ्यावरच्या टॉर्कीचा, १८९० चा. पहिल्या महायुद्धात तिथल्याच रुग्णालयाच्या औषधालयात काम करताना त्यांना विषांची ओळख झाली. म्हणूनच त्यांच्या कथांतली विषे कधी हवेतली वाटत नाहीत.

पुढे स्पेनला जाणारी विमाने स्वस्त झाली. तिथे ऊन हमखास, इथे पावसाची धास्ती. गिऱ्हाईक तिकडे गेले. मोठ्या हॉटेलांचे तुकडे पडून भाड्याच्या खोल्या झाल्या आणि गावात उरले पेन्शनर, बेकार आणि भूतकाळ पुसायला आलेले लोक. माझ्या मते रहस्यकथेला हा पडता काळच जास्त मानवला. भरल्या हंगामात संशय घ्यायला सवड कुणाला असते?

ब्रायटनचा पश्चिम धक्का १९७५ मध्ये बंद झाला. २००३ मध्ये त्याला दोनदा आग लागली. ती मुद्दाम लावली असावी, असा संशय होता. त्याचा लोखंडी सांगाडा अजून पाण्यात उभा आहे.