एका सेकंदाचा अडसर

‘सगळे पासवर्ड एकाच फाइलमध्ये, आणि ती फाइल क्लाउडवर? डोकं ठिकाणावर आहे ना?’ ऑफिसातला एक मित्र दर दोन-तीन महिन्यांनी मला हे ऐकवतो. त्याचा स्वतःचा पासवर्ड सगळीकडे एकच. फक्त शेवटचं साल बदलतो.

कीपास या पासवर्ड साठवणाऱ्या प्रोग्रॅमची माझी फाइल डेस्कटॉप, लॅपटॉप आणि फोन अशी फिरत असते. ती कधीतरी चोराच्या हाती लागेल, असंच मी धरून चालतो. मग तिथे त्याला अडवतं कोण?

फाइल उघडणारा मास्टर पासवर्ड ही थेट किल्ली नसते. तो हॅश फंक्शनच्या चरकात पिळून किल्ली काढतात. उसाचा रस निघतो, पण रसापासून पुन्हा ऊस करता येत नाही, तसंच इथे. चोराला एकेक पासवर्ड पिळूनच बघावा लागतो. अडचण अशी की चरक फार वेगवान आहेत. आरटीएक्स 4090 हे ग्राफिक्स कार्ड एसएचए-256 या नेहमीच्या हॅश फंक्शनचे सेकंदाला सुमारे 2200 कोटी हॅश काढतं. इंग्रजीतल्या आठ लहान अक्षरांचे पासवर्ड 26⁸, म्हणजे जवळपास 20,900 कोटी. दहा सेकंदांत खेळ खलास!

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो मुद्दाम मंद आहे. पीबीकेडीएफ2 या पद्धतीत तोच रस पुन्हा पुन्हा चरकात घालतात, समजा 6 लाख वेळा. आपल्याला फाइल उघडताना जेमतेम क्षणभर थांबावं लागतं. पण त्याच कार्डाचा वेग सेकंदाला 15 हजार प्रयत्नांच्या आसपास येतो आणि दहा सेकंदांचे पाच महिने होतात.

चोर जास्त कार्डं आणेल, हे आलंच. म्हणून 2015 साली पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकलेला आर्गॉन2 प्रत्येक प्रयत्नाला मेमरीही मागतो. 64 एमबी ठरवली, तर 24 जीबीच्या कार्डात एका वेळी 384 प्रयत्नच मावतात. कार्डात हिशेब करणारे कोअर सोळा हजारांवर असले, तरी बहुतेकांना बसायला जागाच नाही. जाहिरातीतल्या ‘मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन’पेक्षा मी आधी हा मेमरीचा आकडा बघतो.

2022 मध्ये लास्टपास या ऑनलाइन पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. काही जुन्या खात्यांवर चरकाच्या फेऱ्या फक्त 5000 होत्या. वरच्या हिशेबात पाच महिन्यांच्या जागी सुमारे सव्वा दिवस. आणि चोरीनंतर मास्टर पासवर्ड बदलला तरी चोराकडची प्रत जुन्याच पासवर्डनं उघडते. त्यापेक्षा आतले पासवर्ड बदलायला धावावं. (काही कारण नसताना दर महिन्याला पासवर्ड बदलणं मात्र नुसतं व्रतवैकल्य. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेनंही 2017 मध्ये त्याला नकार दिला.)

त्याच चोरीतली दुसरी गोष्ट अनेक कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाची. लास्टपासच्याच एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक की टिपणारा प्रोग्रॅम, बसवून त्याचा मास्टर पासवर्ड टाइप होतानाच उचलला होता. तिथे आर्गॉन2 काय करणार? म्हणून सायबर कॅफेत किंवा पाहुण्यांकडच्या पीसीवर मी फाइल उघडत नाही. फोनवर पासवर्ड बघतो आणि हातानं टाइप करतो.

बाकी किरकोळ. की फाइल (मास्टर पासवर्डच्या जोडीला लागणारी किल्लीची फाइल) वापरत असाल तर ती क्लाउडवर न ठेवता पेन ड्राइव्हनं एकेका मशिनवर न्यावी. आर्गॉन2ची मेमरी सगळ्यात अशक्त फोनला झेपेल इतकीच ठेवावी, कारण ते सेटिंग फाइलबरोबरच जातं. दोन ठिकाणी वेगवेगळे बदल झाले, तर एक प्रत पुसू नये. कीपास त्या जोडून देतो.

मास्टर पासवर्डसाठी फासे टाकून 7776 शब्दांच्या यादीतून सहा शब्द उचलले की सुमारे 2⁷⁷ शक्यता होतात. मी हौसेनं देवनागरी शब्द घेतले होते. त्यात ‘ताऱ्या’ होता. त्यातला अर्धा र एक कीबोर्ड एका युनिकोड क्रमानं लिहितो, दुसरा दुसऱ्याच. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण हॅशला दिसतो. अर्धा तास मी माझ्याच तिजोरीबाहेर बसलो होतो. आता तेच शब्द रोमनमध्ये लिहितो.