परिदंतशोथ (पायोरिया) : जिवाणूंचा वाटा

दाताला जबड्यात धरून ठेवणाऱ्या हिरडी, बंध व हाड या ऊतींचा दीर्घकालीन दाह. बोलीत त्याला सरसकट ‘पायोरिया’ म्हणतात. वस्तुतः पू येणे हे त्याचे एक लक्षण, तेही नेहमीचे नव्हे. ‘प्रौढ परिदंतशोथ’ हे जुन्या ग्रंथांतील नाव १९९९ च्या वर्गीकरणात मागे पडून ‘चिरकारी’ (दीर्घकाळ चालणारा) हे विशेषण आले. २०१७ च्या जागतिक परिषदेने तेही सोडून रोगाची अवस्था व वेग यांवर भर दिला.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (रोगांची लक्षणे सांगणाऱ्या विभागात) दंतमूलाचे म्हणजे हिरड्यांचे १५ रोग दिले आहेत. त्यांतील कोणता रोग म्हणजे आजचा परिदंतशोथ, याविषयी मतभेद आहेत. पू, रक्त व हलणारे दात यांमुळे काहीजण ‘दंतवेष्ट’ पुढे करतात. मात्र ‘उपकुशा’च्या वर्णनात घासल्यावर रक्त येणे, दात हलणे, दुर्गंधी यांबरोबर वेदना मंद असल्याचेही सांगितले आहे. हा रोग वर्षानुवर्षे न दुखता वाढतो, हे पाहता उपकुश अधिक जवळचा वाटतो. संहितेचा काळच अनिश्चित असल्याने या नोंदीचे वय सांगणे धाडसाचे ठरेल.

दातांवरील कीटणात (साचणाऱ्या थरात) हलणारे सूक्ष्मजीव डच सूक्ष्मदर्शकतज्ञ लेव्हेनहूक यांनी १६८३ च्या सुमारास पाहिले. कीटणाचा हिरडीदाहाशी असलेला संबंध दंतवैज्ञानिक हाराल्ड लो व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रयोगाने दाखवला : निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात घासणे थांबवताच १० ते २१ दिवसांत हिरड्या सुजल्या आणि सफाई सुरू होताच पूर्ववत झाल्या. पण हिरडीदाहाच्या पुढे हाड झिजण्यापर्यंत सगळेच जात नाहीत. लो यांनीच १९८६ मध्ये श्रीलंकेतील चहामळ्यांच्या मजुरांविषयी लिहिले. दंतसफाई जवळजवळ नसलेल्या त्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांत रोग झपाट्याने वाढला, ११ टक्क्यांत हिरडीदाहापलीकडे गेलाच नाही.

ही तफावत कशामुळे? वॉल्टर लोश यांनी १९७६ मध्ये विशिष्ट जिवाणूंवर बोट ठेवले. १९९८ मध्ये सॉक्रान्स्की व सहकाऱ्यांनी पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फॉर्सिथिया व ट्रेपोनेमा डेंटिकोला या त्रयीला ‘लाल संकुल’ म्हटले. तथापि हे जिवाणू निरोगी तोंडातही थोडे आढळतात. त्यामुळे ‘एक रोग, एक जंतू’ हा हिशोब येथे जमत नाही. अलीकडचे मत असे की, पॉ. जिंजिव्हॅलिस संख्येने कमी असूनही आपल्या विकरांनी (एंझाइमांनी) शरीराची संरक्षणयंत्रणा चकवतो आणि जिवाणूंच्या सगळ्या वस्तीचा तोल बिघडवतो. दाहात फुटलेल्या प्रथिनांवर ही वस्ती पोसते, म्हणजे दाह हाच तिचा अन्नपुरवठा. हाडही मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेने झिजते. हे मत पुराव्याला अधिक धरून दिसते.

मधुमेह व तंबाखू यांनी रोग बळावतो. धूम्रपानाने हिरडीतून रक्त येणे कमी होते, त्यामुळे रोग झाकलेला राहतो.

 नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, विशेषतः वयस्क बायकांत, भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांना चोळण्याची सवय आढळते. ती दंतमंजन मानली जाते, पण कीटण काढत नाही.

उपचारात दातांवरचे व हिरडीखालचे कीटण खरवडून काढतात. त्याने दात ढिले होतात, हा समज सर्वत्र आहे. दात आधीच ढिले असतात. दगडासारख्या कीटणाने ते एकमेकांना जखडलेले असतात, एवढेच.