फाकापापा (माओरी वंशज्ञान)

फाकापापा : न्यूझीलंडच्या, म्हणजे माओरी भाषेतल्या आओतेआरोआच्या, मूळ रहिवाशांची वंशकथनाची परंपरा आणि तिच्यावर उभी असलेली विश्वदृष्टी. ‘पापा’ म्हणजे थर किंवा सपाट पृष्ठ. ‘फाका’ हा प्रयोजक उपसर्ग असून ‘करणे’चे ‘करवणे’ होताना मराठीत जे काम प्रत्यय करतो तेच तो करतो. शब्दशः अर्थ होतो ‘थरावर थर रचणे’. याला मराठीत वंशावळ म्हणण्याचा मोह होतो. परंतु आपल्या वंशावळीत आणि कुलवृत्तांतात केवळ माणसे असतात, तर फाकापापात आकाश, वारा, झाडे, मासे, रताळी, डोंगर आणि नद्या यांचीही नोंद असते, आणि तीही अलंकार म्हणून नव्हे तर नातलग म्हणून. नाते आले की त्याच्यामागोमाग देणे-घेणे आणि जबाबदारी येते. माओरी ज्ञानपरंपरेचा हा गाभा आहे. ‘प्राचीन शहाणपण’ म्हणून सुटी सुभाषिते वेचणाऱ्यांच्या हाती तो सहसा लागत नाही, कारण हे ज्ञान नेहमी विशिष्ट घराण्याचे आणि विशिष्ट भूमीचे असते.

उत्पत्तीची कथा टोळीगणिक बदलते. तिचा सर्वपरिचित आराखडा असा : प्रथम ‘ते कोरे’ म्हणजे रितेपण, मग ‘ते पो’ म्हणजे रात्रींची लांबच लांब मालिका आणि शेवटी ‘ते आओ मारामा’ म्हणजे उजेडाचे जग. आकाशपिता रांगिनुई आणि भूमाता पापातूआनुकू एकमेकांना घट्ट मिठी मारून होते आणि त्यांची मुले मधल्या अंधारात कोंडली होती. अरण्याचा देव ताने याने पाठ मातेला टेकवली, पाय वर रोवले आणि पित्याला दूर लोटले. वाऱ्यावादळाचा देव ताफिरिमातेआ याला ही ताटातूट मान्य नव्हती. त्याने भावांवर हल्ला केला. त्या झुंजीत माणसांचा आणि युद्धाचा देव तूमातौएंगा एकटा ठाम उभा राहिला आणि साथ न देणाऱ्या भावांची संतती, म्हणजे मासे, पक्षी, नेच्याचे कंद आणि रताळी, त्याने आपले अन्न केले. माणूस जे खातो ते त्याच्या भावंडांचे वंशज आहे, हे या कथेचे थेट तात्पर्य असून मासेमारी, लावणी, वृक्षतोड यांआधी म्हटल्या जाणाऱ्या ‘काराकिया’ या मंत्रांचे कारणही त्यातच आहे. पुढे तानेने कुरावाका येथल्या तांबड्या मातीतून हिनेआहुओने ही पहिली स्त्री घडवली आणि तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला. दोघांनी नाक आणि कपाळ एकमेकांना टेकवून श्वास वाटून घेण्याचा ‘होंगी’ हा अभिवादनाचा प्रकार त्या पहिल्या श्वासाशी जोडला जातो.

राता याची कथा याच धाग्यातली आहे. होडीसाठी त्याने एक मोठे झाड तोडले. मात्र तोडण्यापूर्वी तानेची अनुज्ञा मागितली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो झाड पुन्हा उभे. पुन्हा तोडले, पुन्हा उभे. अखेर दबा धरून बसल्यावर त्याला दिसले की अरण्यातले पक्षी आणि किडे एकेक ढलपी, एकेक पान जागच्या जागी बसवीत आहेत. त्याने चूक कबूल केल्यावर त्यांनीच त्याला होडी करून दिली. झाड तोडू नये, असे ही कथा सांगत नाही. विचारून तोडावे, असे सांगते.

समुद्रप्रवास आणि वसाहत : माओरी आपले मूळ ‘हावाइकी’ येथे सांगतात. हवाई आणि सामोआतील सवाई या बेटांची नावे त्याच शब्दाची रूपे आहेत. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांच्या आधारे हा प्रवास तैवानपासून निघालेल्या ऑस्ट्रोनेशियन भाषकांपर्यंत मागे नेता येतो. पूर्व पॉलिनेशियातून, म्हणजे प्रशांत महासागरातील बेटांतून, दर्यावर्दी आओतेआरोआला पोहोचले ते साधारणपणे इ.स. १२५० ते १३०० या काळात. दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाजवळील वाइराऊ बार हे सर्वांत जुन्या वस्तीस्थळांपैकी एक आहे. त्यांनी बरोबर आणलेले रताळे (‘कूमारा’) मूळचे दक्षिण अमेरिकेतले. १७६९ मध्ये रायातेआ बेटावरचा तुपाइया हा पुरोहित-नाविक जेम्स कुकच्या जहाजावरून येथे आला तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांशी तो आपल्या भाषेत बोलू शकला, इतक्या या भाषा एकमेकींना जवळच्या होत्या.

ते आरावा, ताइनुई, आओतेआ, माताआतुआ, ताकितिमू इत्यादी होड्यांच्या नावांपासून आजच्या टोळ्या आपली ओळख सांगतात. ताइनुई होडी काफिया बंदराच्या काठी पुरली असल्याचे मानतात आणि तिच्या दोन टोकांशी हानी आणि पुना हे दोन दगड उभे आहेत. पर्सी स्मिथ या वसाहतकालीन अभ्यासकाने निरनिराळ्या टोळ्यांच्या कथा एकत्र शिवून ‘१३५० चा महाताफा’, म्हणजे या होड्या एकाच वेळी एकत्र आल्याची कथा, रचला आणि तो कैक वर्षे शाळांतून शिकवला गेला. पुढील संशोधकांनी ही जुळवाजुळव टिकत नसल्याचे दाखवले. माओरींच्या आधी येथे दुसरीच जमात होती हा समजही असाच निराधार आहे; ज्या मोरिओरींकडे त्यासाठी बोट दाखवले जाते ते न्यूझीलंडच्या पूर्वेकडील चॅटम बेटांवर वसलेले पॉलिनेशियनच आहेत.

कथन आणि वास्तू : फाकापापा मुखोद्गत असे, काही ठिकाणी खाचा पाडलेल्या काठीवर बोट फिरवीत पिढ्या म्हटल्या जात. सभागृह हे तर या ज्ञानाचे उभे रूप असते. ‘फारेनुई’ ही वास्तू म्हणजे एका पूर्वजाचे शरीर : दर्शनी छपराच्या पुढे उतरत्या पट्ट्या हे बाहू, आढे हा पाठीचा कणा, वासे या फासळ्या. भिंतींतल्या कोरीव खांबांवर पूर्वज उभे असतात. आत शिरणारा माणूस त्या पूर्वजाच्या कुशीत शिरतो. सभेत बोलताना माणूस ‘पेपेहा’ म्हणून स्वतःची ओळख देतो, त्यात डोंगर आणि नदी आधी येतात : ‘हिकुरांगी हा माझा डोंगर, वाइआपू ही माझी नदी, न्गाती पोरोऊ ही माझी टोळी.’ स्वतःचे नाव बहुधा सर्वांत शेवटी.

नात्यांचे शब्दही शरीरातूनच आले आहेत. ‘इवी’ म्हणजे टोळी आणि हाड. ‘हापू’ म्हणजे उपटोळी आणि गर्भवती. ‘फानाऊ’ म्हणजे कुटुंब आणि जन्म देणे. काळाची दिशाही लक्षणीय आहे. ‘मुआ’ म्हणजे समोर, आणि भूतकाळ समोर असतो. ‘मुरी’ म्हणजे पाठीमागे, आणि भविष्य तिकडून येते, कारण जे घडून गेले तेच दिसते. आपण ‘मागच्या पिढ्या’ म्हणतो, तेथे माओरी भाषा पूर्वजांना समोर उभे करते. संस्कृतातील ‘पूर्व’ या शब्दातही ‘समोरचे’ आणि ‘आधीचे’ असे दोन्ही अर्थ नांदतात.

वसाहतकाळ : ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यातील १८४० च्या वाइतांगी करारानंतर जमिनीचा प्रश्न चिघळला. १८६५ च्या कायद्याने स्थिरावलेल्या ‘नेटिव्ह लँड कोर्टा’त मालकी सिद्ध करण्यासाठी वडीलधाऱ्यांना फाकापापा म्हणून दाखवावी लागे. जे ज्ञान पवित्र (‘तापू’) मानून जपले जात होते ते न्यायालयाच्या वहीत पुरावा म्हणून उतरले. त्याच कायद्यानुसार एका जमिनीच्या सनदेवर जास्तीत जास्त दहा नावे घातली जात; बाकीचे हक्कदार कागदावरून नाहीसे झाले आणि विक्री सोपी झाली. जमीन कोणाची, यापेक्षा आपण कोणत्या जमिनीचे, असे मानणाऱ्या समाजावर हा घाव अतिशय खोल होता.

आधुनिक उपयोग : १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वाइतांगी न्यायाधिकरणापुढे जुनी गाऱ्हाणी मांडली गेली, आणि १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’ या बालशाळांतून भाषा पुन्हा लहानग्यांच्या तोंडी आली. दक्षिण बेटावरच्या न्गाई ताहू टोळीचा सभासद होण्यासाठी आजही १८४८ मध्ये हयात असलेल्या नोंदीतील पूर्वजापर्यंत फाकापापा जोडून दाखवावी लागते. शिष्यवृत्त्या, मतदान आणि टोळीच्या संपत्तीतील वाटा यांचा पाया तोच आहे.

व्हांगानुई नदीकाठचे लोक म्हणतात, ‘मी नदी आहे, नदी मी आहे.’ हे वचन २०१७ च्या कायद्याचा आधार बनले. त्या कायद्याने डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या नदीला ‘ते आवा तुपुआ’ या नावाने कायदेशीर व्यक्तित्व दिले आणि तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन प्रतिनिधी ठरवले : एक सरकारने नेमलेला, एक टोळ्यांनी. उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये गंगा-यमुनेलाही व्यक्तित्व दिले; सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये त्या निर्णयाला स्थगिती दिली. दोन्हींतला भेद महत्त्वाचा आहे. गंगा माता आहे ही श्रद्धा कोट्यवधींची आहे, तर व्हांगानुईच्या बाबतीत नातलग कोण, हे नावानिशी ठरलेले आहे आणि त्यांनी १८७० च्या दशकापासून अर्ज-विनंत्या करून ते नाते लढवले आहे.

ठरावीक काळापुरती एखादी जागा बंद ठेवण्याचा ‘राहुई’ हा प्रघातही टिकून आहे. ऑकलंडजवळील वाइताकेरे डोंगररांगेत कौरी वृक्षांची मुळे मातीतल्या रोगाने मरू लागली तेव्हा ते कावेराऊ आ माकी या टोळीने डिसेंबर २०१७ मध्ये राहुई घातला आणि पुढल्या वर्षी नगर परिषदेने तेथील पायवाटा बंद केल्या.

‘फेनुआ’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : जमीन आणि बाळंतपणानंतर पडणारी वार. ‘जिथे नाळ पुरली ती माती’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर अनेक माओरी कुटुंबे वार मागून घेतात, मातीच्या भांड्यात किंवा हाराकेके या तंतुमय वनस्पतीच्या पात्यांच्या विणलेल्या टोपलीत ठेवून गावी नेतात आणि पूर्वजांच्या जमिनीत पुरतात. पुष्कळदा त्या जागी एक झाड लावले जाते.