इनसार आणि उथळ भूकंप (कोकणाच्या संदर्भात)

इनसार म्हणजे उपग्रहातल्या रडारने एकाच जागेच्या वेगवेगळ्या दिवशी दोन प्रतिमा घ्यायच्या, दोन्ही वेळी लहर नेमकी कुठल्या टप्प्यात परत आली ते ताडून बघायचं आणि त्यावरून मधल्या दिवसांत जमीन किती सरकली ते काढायचं. कॅमेरा नसतो, त्यामुळे रात्री आणि ढगांतूनही चालतं.

निकाल रंगीत पट्ट्यांमध्ये येतो. हर्णैच्या बंदरात होडीचं डिझेल पाण्यावर सांडलं की इंद्रधनुषी वलयं पसरतात ना, साधारण तसंच दिसतं, फक्त इथले रंग कॉम्प्युटरने भरलेले असतात. सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाची लहर ५.६ सेंटीमीटरची, ती जाऊन परत येते म्हणून एक पूर्ण पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटीमीटरचा फरक. उपग्रह जवळपास ७०० किलोमीटरवर आणि मोजतो बोटाच्या पेराएवढं!

भूकंपासाठी हे पहिल्यांदा गाजलं ते कॅलिफोर्नियातल्या १९९२ च्या लँडर्स भूकंपाने. उथळ भूकंपाला ही पद्धत जास्त मानवते, कारण भंग (म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो ती भेग) खोल असेल तर वरची जमीन लांबवर थोडी थोडी हलते आणि पट्टे विरळ पडतात, उथळ असेल तर तेवढीच हालचाल थोडक्या जागेत येते आणि पट्टे दाटीने बसतात, अगदी भेगेजवळ तर इतके दाट की चित्र तुटूनच जातं, पण ती तुटलेली रेघही भेग कुठे आहे ते सांगून जाते. फ्रान्समध्ये ले तेईलला ११ नोव्हेंबर २०१९ ला फक्त ४.९ च्या आसपासचा धक्का बसला, खोली जेमतेम १ किलोमीटर, आणि सेंटिनेलच्या चित्रात सुमारे ५ किलोमीटरची भेग स्पष्ट उमटली.

आता आपल्याकडे. डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, उथळ असल्यामुळे आधी स्फोटासारखा आवाज आणि मग मांडणीवरची भांडी वाजणार. पण असा ३-४ चा एकटा धक्का काही किलोमीटर खाली झाला तर वर जमीन मिलिमीटरभरही हलत नाही, म्हणून दोन प्रतिमांवर भागत नाही, महिनोन्‌महिन्यांच्या प्रतिमा रचून हळू सरकणं शोधावं लागतं.

कोकणात खरा वैताग पावसाचा. जुलैत चिखल, ऑगस्टात हिरवंगार, ऑक्टोबरात कापणी, म्हणजे भाताचं शेत दर फेरीला वेगळंच, मग आधीच्या प्रतिमेशी ताळमेळ बसणार कसा? त्यात हवेतली वाफ लहरीला उशीर लावते आणि जमीन हलल्याचा खोटा भास होतो. सह्याद्रीचे कडे वेगळाच घोळ घालतात, एका बाजूला उतार एकावर एक पडतात, दुसऱ्या बाजूला सावली. जांभ्याचा उघडा सडा, पत्र्याच्या शेडी, काँक्रीटचे स्लॅब एवढ्याच जागा भरवशाच्या, आणि नोव्हेंबर ते मे हाच खरा हंगाम.

अजून एक गोम आहे जी सहसा कोणी सांगत नाही. हे उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण फिरतात आणि बाजूला बघतात, त्यामुळे उत्तर-दक्षिण सरकणं त्यांना फार कमी दिसतं. चिपळूणहून घाट चढलं की कोयना, तिथला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप नेमका जवळपास उत्तर-दक्षिण भंगावरच्या आडव्या सरकण्याचा. तसलाच पुन्हा झाला तर चित्र अर्धंमुर्धंच येईल, भरीला जीपीएस लागेल.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहामध्ये २४ सेंटीमीटरची लांब लहरही आहे, ती पानांतून बऱ्यापैकी आत जाते आणि १२ दिवसांनी तीच जागा पुन्हा बघते, म्हणजे काजू-आंब्याच्या बागांखालची जमीनसुद्धा थोडीफार हाती लागेल. जिथे तेही जमत नाही तिथे सड्यावर ॲल्युमिनियमचा तीन पाखांचा परावर्तक बसवतात, रडारच्या चित्रात तो लख्ख ठिपका दिसतो. फक्त तळाला भोकं पाडायची, नाहीतर पहिल्याच सरीत त्यात पाणी साचून ठिपका गायब.