ऑफ-सीझन ड्राईव्हट्रेन प्रयोग

स्पर्धा नसताना कॉलेजच्या रोबोटिक्स टीम नुसत्या बेसवर, म्हणजे चाकं, मोटर, गिअर आणि चॅसिस एवढ्यावरच जी खटपट करतात ती. आपल्याकडे हे मुख्यतः रोबोकॉनवाल्यांचं काम. एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबोट स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली, भारतातली फेरी म्हणजे डीडी रोबोकॉन. नॅशनल हल्ली जुलैच्या आसपास होते, नवीन थीम ऑगस्ट-सप्टेंबरकडे येते, त्यामुळे कोकणात (लोणेरे, रत्नागिरी, देवरूख हा इंजिनिअरिंग कॉलेजांचा पट्टा) हा मोकळा वेळ नेमका भर पावसात सापडतो आणि त्यातच गणपतीला सगळे गावी पळतात.

सीझनमध्ये बेसला हात लावायची कोणाची टाप नसते, कारण वरचं सगळं त्याच्यावर बसलेलं असतं आणि बॉट वाकडा गेला तर दोष चाकाचा की कोडचा की बॉटच्या पकडणाऱ्या हाताच्या वजनाचा हे कळतच नाही. म्हणून ऑफ-सीझनला वरचं सगळं उतरवून ठेवायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सगळ्यात जास्त घोळ मेकॅनमवर होतो. हे चाक स्वीडनच्या बेंग्ट इलॉन यांचं, पेटंट १९७० च्या दशकातलं, कडेला ४५ अंशात तिरके रोलर, त्यामुळे बॉट न वळता आडवा सरकतो. पण चारही चाकं जमिनीला सारखी टेकली तरच. कोकणात जुलैत एमडीएफचा (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) बेस फुगतो, एक कोपरा केसभर उचलला जातो आणि आडवा जाणारा बॉट गोल फिरायला लागतो, मग पोरं दोन-दोन दिवस पीआयडीचे (चूक बघून मोटरचा वेग सुधारणारा कोड) आकडे बदलत बसतात. खरं तर आधी चाकाखाली कागद सरकवून बघावं, सहज सरकला तर ते चाक टेकलेलंच नाही. रोलरच्या लोखंडी पिना खाऱ्या हवेत गंजून अडकतात तो वेगळा ताप, स्टेनलेस स्टीलच्या पिना घातलेल्या बऱ्या.

ओम्नी चाकं (कडेला आडवे रोलर असलेली, बाजूलाही घरंगळणारी) चार कोपऱ्यांत ४५ अंशात लावली तर मोटरच्या त्याच फेऱ्यांत सरळ जाताना साध्या सरळ चाकांच्या १.४ पट वेग मिळतो, ढकलायची ताकद मात्र ७० टक्क्यांवर येते. फुकट काही मिळत नाही. स्वर्व्हमध्ये प्रत्येक चाकाला दोन मोटर, एक पळवायला एक वळवायला, म्हणजे चार चाकांना आठ मोटर आणि तेवढेच मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारी सर्किटं). खर्च बघून बरेच जण एकच मॉड्यूल बनवून टेबलावर फिरवून बघतात, आणि माझ्या मते सुरुवातीला तेवढं पुरे, कारण चाक बंद करून चालू केल्यावर त्याला आपली दिशा आठवते का, हा खरा प्रश्न एका मॉड्यूलवरच सुटतो (त्यासाठी अॅब्सोल्यूट एन्कोडर लागतो; एन्कोडर म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर, अॅब्सोल्यूट म्हणजे वीज गेली तरी नेमका कोन सांगणारा).

मोजमापासाठी जुनी चौकोन चाचणी चांगली, मिशिगन विद्यापीठातल्या बोरेनस्टाईन आणि फेंग यांनी १९९० च्या दशकात मांडलेली. बॉटला ४ मीटर बाजूच्या चौकोनात फिरवायचं, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, आणि शेवटी तो सुरुवातीच्या खुणेपासून किती लांब थांबला ते टेपने मोजायचं. दोन्ही बाजूंनी का, तर चाकांच्या व्यासातला फरक आणि दोन चाकांमधल्या अंतराची चूक एकाच दिशेने फिरवलं तर एकमेकांना झाकू शकतात. वजन म्हणून वर चिऱ्याचा तुकडा ठेवतात, रिकामा बेस पळवून आलेले आकडे मॅचला कामाचे नाहीत. फरशीला ओल सुटली असेल तर चाकं स्लिप मारतात, चाकावरचा एन्कोडर पुढे धावतो आणि बॉट जागेवरच असतो, म्हणून मोटर नसलेली, स्प्रिंगने जमिनीवर दाबलेली छोटी ओम्नी चाकं फक्त अंतर मोजायला लावतात. फरशी फडक्याने पुसून मगच रन घ्यावा, पुसलेली की ओली ते वहीत लिहावं.

गणपतीला लॅब बंद करताना लिपो बॅटऱ्या फुल चार्ज ठेवू नयेत, दर सेलला साधारण ३.८ व्होल्टवर ठेवाव्यात, आणि चेनला तेल.