रेणूंचे आकार आणि रासायनिक बंध

रेणूचा आकार म्हणजे त्यातले अणू एकमेकांपासून किती अंतरावर आणि किती कोनात बसलेत त्याचं त्रिमितीय चित्र. फॉर्म्युला फक्त कुठले अणू किती एवढंच सांगतो, आकार सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घ्या, दोन्हीत तीन तीन अणू, मधे एक आणि बाजूला दोन सारखे, पण कार्बन डायऑक्साइड एकदम सरळ रेषेत म्हणजे १८० अंश आणि पाणी मात्र १०४.५ अंशात वाकलेलं. कारण पाण्यातल्या ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या अशा आहेत की ज्या कुठल्याच बंधात नाहीत, तरी जागा अडवून बसलेल्या आहेत. यांनाच लोन पेअर म्हणतात.

आधी बंधाबद्दल थोडं. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी शेअर करतात आणि त्यातून बंध तयार होतो ही कल्पना गिल्बर्ट लुईसने १९१६ साली मांडली. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की दोघांचेही इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांकडे ओढले जातात, फारच जवळ आले तर केंद्रकं एकमेकांना ढकलतात, आणि ७४ पिकोमीटरवर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) ही ओढाताण बरोबर जुळते. तो बंध तोडायला मोलमागे (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं माप) ४३६ किलोज्यूल मोजावे लागतात. इथे एक गैरसमज फार पसरलाय की बंध तुटला की एनर्जी बाहेर पडते. उलट आहे, तोडायला एनर्जी लागते आणि जुळताना ती बाहेर पडते, जळण्यासारख्या क्रियेत एनर्जी मिळते ती नवे बंध जुन्यांपेक्षा मजबूत असतात म्हणून.

मिठासारख्या आयनिक, म्हणजे धन आणि ऋण भार असलेल्या अणूंपासून बनलेल्या, पदार्थांचं वेगळं असतं, घन मिठात सुटा असा रेणूच नसतो, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरिन आणि प्रत्येक क्लोरिनभोवती सहा सोडियम अशी जाळी पसरत जाते, त्यामुळे रेणूचा आकार कुठला हा प्रश्नच तिथे येत नाही. धातूंचंही तसंच.

आकाराचा विचार मात्र इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्या आधीचा आहे, हे मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं. १८७४ साली व्हॅन्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी वेगवेगळं काम करून सांगितलं की कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या) चार कोपऱ्यांकडे जातात. पुरावा कसला, तर मोजणीचा! डायक्लोरोमिथेनमध्ये कार्बनला दोन हायड्रोजन आणि दोन क्लोरिन असतात, कार्बन सपाट चौकोनी असता तर दोन क्लोरिन शेजारी असलेला एक आणि समोरासमोर असलेला दुसरा असे दोन वेगळे पदार्थ मिळायला हवे होते, पण मिळतो एकच. चतुष्फलकात कुठलेही दोन कोपरे शेजारीच असतात, म्हणून एकच. व्हॅन्ट हॉफ तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा, नंतर पशुवैद्यकीय शाळेत नोकरीला, त्यावरून हेरमान कोल्बेसारख्या बड्या केमिस्टने १८७७ मध्ये त्याची जाहीर टर उडवली. १९०१ मध्ये केमिस्ट्रीचं पहिलं नोबेल व्हॅन्ट हॉफलाच मिळालं (आकारावरच्या कामासाठी नव्हे, दुसऱ्याच कामासाठी).

आज शाळा-कॉलेजात आकार ओळखायला शिकवतात तो व्हीएसईपीआर (म्हणजे बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉन जोड्यांनी एकमेकींना ढकलण्याचा) नियम, गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये मांडलेला, मूळ कल्पना सिजविक आणि पॉवेल यांची, १९४० ची. मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींपासून जमेल तितक्या लांब राहतात, बस एवढंच. प्रत्येक बंध किंवा लोन पेअर म्हणजे एक गट, डबल बंध असला तरी एकच गट धरायचा. दोन गट असतील तर सरळ रेषा, तीन असतील तर १२० अंशाचा सपाट त्रिकोण, चार असतील तर चतुष्फलक आणि कोन १०९.५. मिथेन, अमोनिया, पाणी तिन्हीत चार जोड्याच आहेत पण कोन १०९.५, मग साधारण १०७, मग १०४.५ असा घसरत जातो, कारण लोन पेअरला एकच केंद्रक धरून असतं, ती ऐसपैस पसरते आणि शेजारच्या बंधांना दाबते. आकाराला नाव देताना मात्र फक्त अणू बघायचे, म्हणून अमोनिया पिरॅमिड आणि पाणी वाकडं. झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये सहा जोड्या असतात, त्यातल्या दोन लोन पेअर वर आणि खाली जातात आणि चार फ्लोरिन सपाट चौकोनात उरतात.

आकाराचा परिणाम लगेच दिसतो. कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही बंध ध्रुवीय आहेत, म्हणजे त्यांचं एक टोक थोडं ऋण आणि दुसरं थोडं धन असतं, पण विरुद्ध दिशांना ओढतात, रस्सीखेच बरोबरीत सुटते आणि रेणू अध्रुवीय राहतो. पाणी वाकडं असल्यामुळे तिथे बरोबरी होत नाही, एक टोक ऋण आणि दुसरं धन राहतं, म्हणून त्यात मीठ विरघळतं.

केमिस्ट लायनस पॉलिंगचं १९३१ चं हायब्रिडायझेशनही (अणूतल्या ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वावरण्याच्या जागा, मिसळून नव्या बनतात ही कल्पना) इथे सांगतात, पण ते बऱ्याचदा आकार कळल्यावर लावलेलं स्पष्टीकरण असतं. आणि व्हीएसईपीआरही सगळीकडे चालत नाही. हायड्रोजन सल्फाइड पाण्याचाच भाऊ, पण कोन ९२ अंशांच्या आसपास, हे नुसत्या जोड्या मोजून सांगता येत नाही. प्लॅटिनमसारख्या संक्रमण धातूंना (आवर्त सारणीच्या मधल्या पट्ट्यातल्या) तर तो नियम लावतच नाहीत, तिथे डी नावाच्या खास प्रकारच्या ऑर्बिटलांचा हिशोब येतो. मोजणीची जुनी युक्ती मात्र तिथेही कामाला आली. प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि दोन क्लोरिन जोडलेला पदार्थ दोन रूपांत मिळतो, त्यावरून आल्फ्रेड वेर्नरने १८९३ मध्ये ओळखलं की हा रेणू चतुष्फलक नसून सपाट चौकोन आहे. दोन क्लोरिन शेजारी असलेलं रूप म्हणजे सिसप्लॅटिन, कॅन्सरचं औषध. समोरासमोर क्लोरिन असलेलं रूप डीएनएवरच्या शेजारच्या दोन जागा तशा पकडू शकत नाही आणि औषध म्हणून चालत नाही.