वुडकट की लिनोकट? काळा भाग जवळून बघा

पणजीत फाळणी, युद्ध, दुष्काळ असल्या विषयांवरची काळीपांढरी छापाचित्रं लागली की अर्धे लोक सगळ्याला वुडकट (लाकडावर कोरून छापलेलं) म्हणतात आणि उरलेले लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेलं). गोंधळ होणारच, कारण पद्धत सेम आहे, पांढरं हवं तेवढं कोरून काढायचं, उरलेल्या उंच भागावर रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवून दाबायचं आणि चित्र उलटं उमटतं.

फरक ब्लॉकमध्ये, म्हणजे ज्यावर कोरतात त्यात. लाकडाला तंतू असतात, त्यांच्या दिशेने हत्यार सरसर जातं, आडवं मारलं की अडतं, कधी ढलपीच उडते. लिनो म्हणजे जवसाचं तेल आणि कॉर्कचा भुगा वगैरे तागाच्या कापडावर थापलेला, त्याला दिशाच नाही, वळणदार रेघसुद्धा लोण्यासारखी कापता येते. म्हणून मोठा काळा भाग बघायचा, तंतू उमटलेत तर वुडकट, एकदम सपाट असेल तर बहुतेक लिनो. बहुतेक अशासाठी की घट्ट लाकूड चांगलं घासलं तर त्याचाही काळा सपाट येतो.

आता हे नुसतं टेक्निकल नाही हां. जर्मन चित्रकार केटे कोलवित्सचा मुलगा पेटर 1914 ला पहिल्या महायुद्धात मारला गेला, त्यावर काम करायला तिने एचिंग (ॲसिडने धातूच्या पत्र्यावर रेघा काढून छापणं), लिथो (दगडावर चित्र काढून छापणं) करून बघितलं, मनासारखं होईना, मग 1920 मध्ये जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचे वुडकट बघितले आणि ती लाकडाकडे वळली, त्यातून युद्धावरची 7 चित्रं झाली. चित्रकार झरीना हाश्मी अलीगढची, घरचे पुढे पाकिस्तानात गेले. 2001 मध्ये तिने फाळणीची सीमारेषा वुडकटमध्ये केली, पण रेषा खोदली नाही, दोन्ही बाजूंचं लाकूड खरवडून काढलं आणि रेषा तेवढी उभी ठेवली. मला तरी यापेक्षा नेमकं काही सुचत नाही.

लिनोवाला म्हटलं की बंगालचे, कम्युनिस्ट चळवळीतले चित्रकार चित्तप्रसाद. पण 1943 च्या बंगालच्या दुष्काळावरची त्यांची जी पुस्तिका इंग्रजांनी जप्त करून जाळली त्यातली चित्रं शाईची स्केचेस होती, लिनो नव्हे, हे लोक हमखास मिसळतात. बालमजुरांवरची त्यांची प्रसिद्ध मालिका मात्र लिनोची. लिनो स्वस्त, काम झटपट, कॉप्या भरपूर, चळवळीतल्या माणसाला आणखी काय पाहिजे.

गोव्यात 1556 ला छापखाना आला आणि 1560 ला इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय), ते मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चाललं. त्यावर आज कोणी कोरायला बसलं तर मी लाकूडच घे म्हणेन, ते अडवतं म्हणून, पण गावोगाव वाटायचं असेल तर सरळ लिनो. फक्त आपल्या पावसात लाकूड फुगतं, वाकतं, त्यामुळे जूनच्या आधी छापून मोकळे व्हा, आणि लिनो वर्षानुवर्षं साठवून ठेवू नका, वाळला की कोरताना तडकतो.